गिझर, एसी, वॉशिंग मशीन बसवण्याआधी भिंतीतली वीज तपासा

नवीन गिझर किंवा एसी घेतला की कंपनीचा माणूस घरी येतो. भिंतीला भोकं पाडतो, यंत्र टांगतो, पिन सॉकेटमध्ये घालून चालू करून दाखवतो आणि कार्डावर सही घेऊन निघून जातो. त्याचं काम पिनेपाशी संपतं. सॉकेटच्या मागे किती जाडीची वायर आहे, अर्थिंगची तार खरोखर जमिनीपर्यंत पोचली आहे का, डीबीमध्ये (घरातल्या विजेच्या वाटप-पेटीत) आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारं उपकरण) आहे की नाही, हे पाहणं त्याच्या कामात मोडत नाही. घरातलंही सहसा कोणी ते पाहत नाही. जिवाला धोका असतो तो नेमका या न पाहिलेल्या भागात. म्हणून माझं सांगणं एकच आहे: यंत्र दुकानातून निघण्याआधी भिंतीतलं काम तपासून घ्या. अर्थिंग आणि आरसीसीबी या दोन्हींची खात्री झाल्याशिवाय धातूचं आणि पाण्याशी संबंध येणारं कोणतंही यंत्र चालू करू नका.

यातली पाहणी आणि चौकशी घरच्या माणसाने करायची आहे. डीबी किंवा सॉकेट उघडणं, तारा जोडणं ही कामं मात्र शासनाचा तारतंत्री परवाना असलेल्या वायरमनचीच. त्याच्याकडून काय करून घ्यायचं आणि ते झालं की नाही हे कसं ओळखायचं, ते पुढे पायरीपायरीने देतो आहे.

पायरी १: भार मोजा

वीजबिल हातात घ्या. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये छापलेला असतो. आता घरातली मोठी यंत्रं कागदावर मांडा. साठवणीचा गिझर साधारण २००० वॅट, इंडक्शन शेगडी २००० वॅट, पाणी तापवणारं फ्रंट लोड वॉशिंग मशीन जवळपास तेवढंच, दीड टनाचा एसी १५०० ते १७०० वॅट, मायक्रोवेव्ह १२०० वॅट. नेमका आकडा यंत्राच्या मागच्या पट्टीवर असतो, तोच धरा. वॅटला २३० ने भागलं की अंदाजे अँपिअर मिळतात. २००० वॅटचा गिझर म्हणजे ८.७ अँपिअर, ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर म्हणजे १३ अँपिअर.

थंडीतल्या सकाळी गिझर, शेगडी आणि मशीन एकदम चालू असतील तर ६००० वॅट, म्हणजे २६ अँपिअर झाले. दिवे-पंखे त्यात धरलेलेच नाहीत. पूर्वीच्या इमारतींत, चाळींत आणि गावाकडच्या घरांत वायरिंग झालं तेव्हा ट्यूब, पंखे, टीव्ही आणि फार तर फ्रिज एवढाच हिशेब होता. तिथे मीटरपासून डीबीपर्यंतची वायरच अपुरी असू शकते. मंजूर भार कमी पडत असेल तर वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करा आणि वायरमनकडून मेन वायरही पाहून घ्या. मेनचं कव्हर गरम लागणं, यंत्र सुरू होताना दिवे मंदावणं, डीबीतून करपल्याचा वास येणं, यांपैकी काहीही असलं तर नवीन यंत्राचा विचार थांबवून आधी ते काम करून घ्या.

पायरी २: अर्थिंग खरं आहे का ते पाहा

या पायरीवर वेळ घालवायला हवा, कारण सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. तीन भोकांचं सॉकेट दिसलं की अर्थिंग आहे असं आपण धरून चालतो. वरच्या मोठ्या भोकामागे तार जोडलेलीच नाही, किंवा हिरवी तार डीबीपर्यंत येऊन तिथे नुसती लोंबकळते आहे, अशी घरं पुष्कळ आहेत.

अर्थिंगचं काम असं. गिझरची कॉइल फुटली किंवा आतली फेजची तार सुटून पत्र्याला टेकली, तर पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. अर्थिंगची तार त्या प्रवाहाला जमिनीत जायला सोपी वाट देते. ती वाट नसेल तर पत्रा तसाच वीजभारित राहतो आणि ओल्या अंगाने त्याला हात लावणारा माणूस हीच वाट होते. थ्री-पिन प्लगची वरची पिन लांब असते ती यासाठीच: प्लग घालताना ती आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. ती पिन कापणं, तिला टू-पिनचा अडॅप्टर लावणं, किंवा वरच्या भोकात पेन खुपसून टू-पिन बसवणं म्हणजे हे संरक्षण हाताने काढून टाकणं.

एक खूण घरबसल्या कळते. वॉशिंग मशीनच्या किंवा संगणकाच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं. या यंत्रांतल्या फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह नेहमीच पत्र्याकडे येत असतो आणि अर्थिंग असेल तर तो निमूट जमिनीत जातो. तो तुम्हाला जाणवतो आहे याचा अर्थ बहुधा अर्थिंग तुटलेलं आहे. ‘थोडा करंट मारतो, चप्पल घालून वापर’ असं घरात कोणी म्हणत असेल तर ते मशीन त्याच दिवशी बंद ठेवा.

वायरमनला सॉकेटवर मल्टिमीटरने तीन मापं घ्यायला सांगा. फेज ते न्यूट्रल सुमारे २३०, फेज ते अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ अगदी थोडे व्होल्ट. फेज ते अर्थ शून्य किंवा भलतंच काही दाखवत असेल तर अर्थ नाही. मापं बरोबर आली तरी समाधान मानू नका. मल्टिमीटर इतका कमी प्रवाह घेतो की गंजून एका धाग्यावर टिकलेली अर्थिंगची तारही त्याला ठणठणीत वाटते. अर्थिंगमध्ये खरा दम किती आहे हे अर्थ टेस्टरने किंवा लूप टेस्टरनेच समजतं. अनेक वायरमन फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा दिवा लावून पाहतात. अर्थिंग तुटलेलं असेल तर त्या क्षणी घरातल्या सगळ्या यंत्रांच्या पत्र्यांवर वीज येऊ शकते, म्हणून ही पद्धत मी टाळायला सांगेन. स्क्रूड्रायव्हरसारख्या साध्या टेस्टरचा लाल दिवा फक्त फेज दाखवतो, अर्थिंगबद्दल तो काहीच सांगत नाही.

इमारतीचा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे सोसायटीला विचारा. आत पाइप किंवा पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं, अशी त्याची जुनी रचना. खड्डा कोरडा पडला की मातीचा रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो. एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी घालायला हवं. कोकणातल्या जांभ्यात आणि घाटावरच्या मुरूम-खडकात मुळातच रोध जास्त असतो, काळ्या मातीत कमी. समुद्राजवळ खाऱ्या हवेने पट्टीचे नटबोल्ट गंजतात. पार्किंगला फरशी घालताना खड्डा बुजवून टाकल्याची उदाहरणंही आहेत. सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय काढा. रंगकामाइतकाच तो महत्त्वाचा आहे.

आणि एक गोष्ट कदापि करू देऊ नका. अर्थिंग मिळत नाही म्हणून काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेच्या तुकड्याने जोडून देतात. यंत्र चालतं, मुंग्या थांबतात, मल्टिमीटरवर मापंही सुरेख दिसतात. पण मागे कुठे न्यूट्रल सुटला तर यंत्रातून फिरून आलेली फेज थेट पत्र्यावर येते, तीही यंत्रात कोणताच बिघाड नसताना. न्यूट्रल ते अर्थ माप यंत्र चालू असतानाही अगदी काटेकोर शून्य येत असेल तर सॉकेट उघडून हा तुकडा नाही ना, हे पाहायला लावा. नळाच्या पाइपला अर्थिंग जोडणंही असंच घातक आहे. वरच्या मजल्यावर कोणी प्लास्टिकचा पाइप जोडला की तुमचं अर्थिंग संपतं, आणि खालच्या मजल्यावरच्या माणसाला नळाला हात लावताच तुमच्या यंत्राचा शॉक बसू शकतो.

पायरी ३: आरसीसीबी

‘अर्थिंग चांगलं आहे, मग आणखी पेटी कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर आकड्यांत आहे. समजा, खड्ड्याचा रोध ५ ओहम आहे, म्हणजे बऱ्यापैकी. फेज पत्र्याला टेकली तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर जमिनीत जातील. घरात वापरला जाणारा २० अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी (जास्त भार आला की पडून लाइन तोडणारा स्विच) तत्काळ पडण्यासाठी त्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे १०० ते २०० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरला तो तापून पडेल, पण कित्येक सेकंद घेईल, आणि तेवढा वेळ पत्रा जिवंत राहील. माणसाच्या छातीतून गेलेला काही दहा मिलिअँपिअर (मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग) प्रवाह हृदयाचा ठोका बिघडवायला पुरतो. एमसीबीला माणूस दिसतच नाही. तो वायर वाचवण्यासाठी बनवला आहे.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. फरक पडला, म्हणजे वीज दुसरीकडून गळते आहे, की तो लाइन तोडतो. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचाच हवा. तेवढ्या गळतीला त्याने ०.३ सेकंदाच्या आत तोडायचं असतं. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे मिळतात ते आगीपासून बचावासाठी, त्यांवर विसंबू नका. दुकानात अजून बरेच जण याला ईएलसीबी म्हणतात. नाव काहीही असो, त्यावर ‘३० एमए’ आणि आयएसआय खूण आहे का ते वाचा. इन्व्हर्टर एसी किंवा इन्व्हर्टर मशीन असेल तर ‘टाइप ए’ मागा. अशा यंत्रांतली गळती ‘टाइप एसी’ला नीट ओळखता येत नाही. इथला ‘एसी’ म्हणजे वातानुकूलन यंत्र नव्हे, हे दुकानदाराशी बोलताना लक्षात असू द्या.

तीन मर्यादा ठाऊक हव्यात. आरसीसीबी जास्त भाराला पडत नाही, म्हणून त्याच्यासोबत एमसीबी लागतोच. दोन्ही कामं एकात करणारा आरसीबीओ गिझरच्या लाइनसाठी उत्तम. एकाच वेळी एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलेल्या माणसाला तो वाचवू शकत नाही. आणि अर्थिंग नसतानाही तो काम करतो खरा, पण मग गळती सुरू होण्यासाठी आधी कोणाला तरी पत्र्याला हात लावावा लागतो. अर्थिंग असेल तर पत्र्यावर वीज येताच, कोणी हात लावण्याआधीच लाइन तुटते. म्हणून दोन्ही लागतात.

त्याच्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. लाइन गेली पाहिजे. न गेल्यास तो बदला. हे बटण फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नव्हे.

पायरी ४: वायर, एमसीबी, सॉकेट

गिझर आणि एसीला डीबीपासून प्रत्येकी स्वतंत्र लाइन घ्या. १६ अँपिअरच्या सॉकेटला तांब्याची किमान २.५ स्क्वेअर एमएम वायर लागते. गिझर-एसीसाठी, विशेषतः अंतर जास्त असेल तर, ४ एमएम टाकणं शहाणपणाचं. दिव्याच्या बोर्डातली दीड एमएमची वायर ओढून गिझरचा पॉइंट काढायचा नाही, वायरमन कितीही ‘चालतं’ म्हणाला तरी. अर्थिंगची हिरवी तार त्याच पाइपातून सोबत आणायची.

एमसीबी वायरच्या ताकदीवर ठरतो: दीड एमएमला १०, अडीचला १६, चारला २० किंवा २५ अँपिअर. सारखा पडतो म्हणून १६ काढून ३२ चा बसवला तर एमसीबी शांत बसेल आणि भिंतीतली वायर तापत राहील. तो पडतो आहे तर कारण शोधायला हवं.

सैल जोड ही मला अर्थिंगखालोखाल काळजीची गोष्ट वाटते. जोडावर होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. सॉकेटच्या सैल स्क्रूपाशी ०.१ ओहमचा रोध असेल आणि १३ अँपिअर जात असतील, तर तेवढ्या टिचभर जागेत १७ वॅट उष्णता धरून राहते. सॉकेट पिवळं पडणं, पिनेच्या बुडाशी काळा डाग येणं, ते यामुळे. नवीन यंत्रासाठी सॉकेट नवं बसवा, धाग्यांच्या वायरला टोकाशी लग (धातूची टोपी) लावून मगच स्क्रू आवळायला सांगा. एक्स्टेंशन बोर्ड आणि मल्टिप्लग यांवर तापवणारं कोणतंही यंत्र चालवू नका.

पायरी ५: यंत्रानुसार काळजी

गिझरबाबत सर्वाधिक दक्ष राहा, कारण तिथे माणूस ओला आणि उघड्या अंगाचा असतो. स्विच बाथरूमच्या बाहेर आणि डबल पोल हवा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. साधा सिंगल पोल स्विच चुकून न्यूट्रलमध्ये जोडला गेला तर बटण बंद असतानाही कॉइलवर फेज राहते. गिझरचा सॉकेट उंचावर, शॉवरच्या फवाऱ्यापासून दूर. ४५०० वॅटचा इन्स्टंट गिझर घेतलात तर तो साडेएकोणीस अँपिअर ओढतो. १६ अँपिअरच्या प्लगवर तो चालवायचा नाही. त्याला थेट २५ अँपिअरच्या डबल पोल स्विचला जोडावं लागतं.

बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षारांचा थर बसतो, कॉइल आतून जास्त तापते, तिचं आवरण तडकतं आणि वीज पाण्यात उतरते. असं पाणी असलेल्या घरांत कॉइल दरवर्षी काढून साफ करून घ्या. पूर्वीच्या लोखंडी पाइपांतून थोडीफार गळती जमिनीत निघून जायची. आताच्या सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) पाइपांत तीही वाट उरलेली नाही, सगळी भिस्त त्या एका हिरव्या तारेवर आहे. पाणी तापलं की गिझर बंद करून मग आंघोळीला जायचं, ही आपल्याकडची सवय अर्थिंग आणि आरसीसीबी असतानाही चालू ठेवा. टाकी पूर्ण भरून गरम नळातून पाणी आल्याशिवाय पहिल्यांदा बटण दाबू नका, आणि प्रेशर व्हॉल्व्हचं तोंड कधी बंद करू नका.

एसीला एमसीबी असलेला एसी बॉक्स लावा. आतल्या आणि बाहेरच्या युनिटमधली वायर सलग हवी. मध्ये जोड देऊन टेप गुंडाळलेला असेल आणि तो पावसात येत असेल, तर तो बदलून घेतल्याशिवाय सही करू नका. बाहेरच्या युनिटच्या पत्र्यालाही अर्थिंगची तार पोचली आहे का ते विचारा. चालू एसीची पिन ओढून काढायची नाही; ठिणगीने सॉकेट जळतो.

वॉशिंग मशीन सहसा ड्राय बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये येतं. सॉकेट नळाच्या खाली किंवा पाइपाच्या रेषेत नको; कमरेच्या वर आणि बाजूला, झाकण असलेलं हवं. ड्रेनचा पाइप निसटला तर पाणी कुठे जाईल ते आधी पाहा. मशीनखाली उंदीर शिरू नये म्हणून जाळी लावा, कारण ते आतल्या वायरी कुरतडतात. ओल्या हाताने, अनवाणी मशीनला हात लावायचा नाही, हे मुलांना आणि घरकामाला येणाऱ्या ताईंनाही नीट सांगा. बहुतेक वेळ त्या मशीनशी त्यांचाच संबंध येतो.

फ्रिज वीज कमी घेतो, पण त्याचा पत्रा दिवसभर सगळ्यांच्या हाताखाली असतो. त्याला अर्थिंग असलेला स्वतःचा सॉकेट द्या आणि वायर फ्रिजच्या पायाखाली दबली नाही ना ते पाहा.

पायरी ६: बसवण्याचा दिवस

आपला वायरमन त्या वेळी घरी असू द्या. भोकं पाडण्याआधी भिंतीत वायरीचा पाइप कुठून जातो हे त्याला दाखवायला सांगा. सॉकेट आणि बटणांच्या सरळ वर-खाली ड्रिल चालवायचं नाही. काम सुरू होण्याआधी मेन बंद करा, आणि कोणी नकळत चालू करू नये म्हणून डीबीपाशी घरचं माणूस उभं ठेवा. जोडणी झाल्यावर मेगरने वायर आणि पत्रा यांच्यातलं इन्सुलेशन तपासून घेता आलं तर उत्तम. मग आरसीसीबीचं बटण दाबा. यंत्र अर्धा तास चालवा, बंद करा, पिन काढून तिला हात लावा. कोमट असेल तर ठीक. धरवत नसेल तर सॉकेट सैल किंवा हलका आहे.

घरातल्या प्रत्येकाला मेन स्विच कुठे आहे हे त्याच दिवशी दाखवा. कोणाला शॉक लागून तो चिकटला असेल तर त्याला हात लावायचा नाही. आधी मेन बंद करायचा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी दांड्याने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला दूर लोटायचं. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन लावून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहायचं, मदत पोचेपर्यंत. शुद्धीवर असला तरी दवाखान्यात न्या. ठोक्यातला बिघाड नंतरही दिसू शकतो.

नंतर आरसीसीबी पडू लागला तर

यंत्र बसल्यावर काही दिवसांत आरसीसीबी पडायला लागतो आणि कोणीतरी सुचवतं की तो बायपास करून टाका. तसं करू नका. सगळ्या पिना काढा, आरसीसीबी चढवा, मग एकेक यंत्र लावत जा. गिझर लावताच पडला तर कॉइल गळते आहे, सर्व्हिसला बोलवा. सगळं काढूनही पडत असेल तर दोष बहुधा भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे. पावसाळ्यात ओल उतरलेल्या भिंतींत हे होतं. आणि घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल, लाइट गेल्यावर किंवा आल्यावरच तो पडत असेल, तर इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल बहुधा आरसीसीबीच्या न्यूट्रलमध्ये मिसळला आहे. दोन्ही न्यूट्रल वेगळे केले की हे पडणं थांबतं. काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण डीबीतल्या कोणत्या तारा कुठून येतात हे समजणाऱ्या वायरमनकडूनच करून घ्या.